बिनमासळीचं सार

ताकामात्सु स्टेशनबाहेर सकाळी साडेनऊला तेत्सुओ मोरिकानेच्या टॅक्सीत सत्तरीचा एक दणकट म्हातारा येऊन बसला. चेहरा उन्हाने रापलेला, मनगटं दोरखंडासारखी पिळदार.

"उदोन खायचंय," तो म्हणाला.

तेत्सुओची कळी खुलली. सव्वीस वर्षं तो या शहरात टॅक्सी चालवत होता आणि उदोनची दुकानं त्याला तोंडपाठ होती. कुठल्या शेवया जाड, कुठल्या लुसलुशीत, कुठे सकाळी जावं, कुठे दुपारी, सगळं.

"गरम सारातलं हवं," म्हातारा पुढे म्हणाला. "पण सारात मासळी नको. मांस, अंडं, दूध, तेही काही नको."

तेत्सुओने गियरवरचा हात काढला आणि मागे वळून बघितलं.

"साहेब, ताकामात्सुत येऊन बिनमासळीचं सार मागता? आमच्याकडे सुकट उकळल्याशिवाय कोंबडासुद्धा आरवत नाही! डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय का?"

"डॉक्टर म्हणतो, घोड्यासारखा ठणठणीत आहेस."

म्हाताऱ्याचं नाव सोकिची वाकुइ. उत्तरेकडचा, केसेन्नुमा बंदराचा. त्रेचाळीस वर्षं तो कात्सुओ मासे धरणाऱ्या बोटीवर होता.

"म्हणजे जन्मभर मासे मारले आणि आता मासेच वर्ज्य?"

"शेवटच्या फेरीवरून परत आलो, बंदरावर पाय ठेवला आणि म्हटलं, बाबांनो, पुरे झालं. तुमचं माझं भांडण मिटलं. बायको म्हणाली, चार दिवसांचं खूळ आहे. त्याला आता चार वर्षं झाली. नात म्हणते, आजोबा, तुम्ही व्हीगन झालात. म्हटलं, झालो असेन बापडा."

तीन दिवस तो या भागात फिरत होता. जाईल तिथे लोक अदबीने कमरेत वाकत आणि नुसत्या शेवयांवर सोया सॉस घालून पुढे ठेवत. "पोट भरतं हो," वाकुइ म्हणाला, "पण घसा रडतो."

तेत्सुओला ते लागलं. आपल्या शहरातून पाहुणा कोरड्या घशाने परत जायचा म्हणजे काय!

पहिल्या दुकानातल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, "सुकट काढली तर खाली उरतं ते आंघोळीचं पाणी." दुसऱ्या दुकानाचा मालक मात्र छातीवर हात मारून म्हणाला, "मासळी? छे छे, एक काटासुद्धा नाही." वाडगा समोर आला. वाकुइने चमचा उचललाच नाही. वाफेवर नाक धरलं आणि म्हणाला, "कात्सुओ. धुरी दिलेला, चांगला सहा महिने मुरवलेला. पूड केलीय."

मालकाचे कान लाल झाले. "चिमूटभरच तर घातलीय," तो पुटपुटला. तो वाडगा तेत्सुओने संपवला.

"जाऊ द्या हो," गाडीत बसत वाकुइ म्हणाला. "मी सोया सॉस खाईन."

"थांबा, काका. अजून एक जागा आहे." असं म्हणताना तेत्सुओचा आवाज जरा खाली आला होता.

ती जागा म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचं, सुमिएचं दुकान. दोन वर्षांत त्याने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. कारण तसं क्षुल्लक. तिच्याच दुकानात बसून तो एका गिऱ्हाइकाला म्हणाला होता, की शेवया खाव्यात तर नदीपलीकडच्या दुकानातल्या. सुमिएने ते ऐकलं आणि पळी घेऊन त्याला रस्त्यापर्यंत पिटाळलं. त्यानंतर ना तिचा फोन, ना याचा. हे सगळं त्याने वाटेत वाकुइला सांगून टाकलं.

दुकानावर 'आज बंद' अशी पाटी होती. तेत्सुओ चक्रावला. वादळातही दुकान उघडं ठेवणारी ताई! तो वाकुइला घेऊन मागच्या दाराने आत शिरला.

चुलीशी उभ्या सुमिएने मान वर केली. "आलास? म्हणजे आठवण होती म्हणायची."

कसली आठवण, हे तोंडावर आलंच होतं. तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यात गेली. आईचा फोटो, शेवंतीची फुलं, उदबत्ती आणि पुढे एक वाफाळता वाडगा. आज चौदा तारीख. आईची पुण्यतिथी. दरवर्षी ताईच फोन करून सांगायची, आणि दोन वर्षं फोनच नव्हता. तेत्सुओने डोक्यावरची टोपी काढली.

"चूक माझी," वाकुइ मागून म्हणाला. "हे सकाळपासून म्हणत होते, ताईकडे जायचंय, ताईकडे जायचंय. मीच इकडेतिकडे फिरवून उशीर केला."

सुमिएने दोघांना आळीपाळीने न्याहाळलं. "बसा," ती म्हणाली. "पण आज सारात मासळी नाही मिळायची. आईच्या दिवशी या घरात मासळी शिजत नाही."

वाकुइ जो मोठ्याने हसला, की सुमिए दचकलीच. मग तेत्सुओने सगळी हकिकत सांगितली आणि तीही एप्रनचं टोक डोळ्यांना लावून हसली.

वाडगे आले. वाकुइने आधी वास घेतला.

"ओळखा बघू, दर्यावर्दी," सुमिए कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"समुद्रातलं कोंबू शेवाळ, उत्तरेकडचं. वाळवलेली अळंबी. आणि..." तो थांबला. "भाजलेलं सोयाबीन?"

"माणसाचं नाक आहे की मांजराचं!"

वाकुइने वाडगा तोंडाला लावला तो तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. मग म्हणाला, "आणखी आहे?"

तेत्सुओ हळूहळू पीत होता. ही चव तो विसरला होता. लहानपणी आजोबांच्या दिवशी आई हेच सार करायची आणि तो कुरकुरायचा, की यात काहीच नाही.

"ताई," तो वाडग्यात बघत म्हणाला, "मला आठवण नव्हती."

"माहीत आहे. असती तर फुलं आणली असतीस."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"पाहुणा एवढा जीव ओतून खोटं बोलत होता. त्याचं मन कसं मोडायचं?"

जेवणं झाल्यावर सुमिए फुलं घेऊन टॅक्सीत पुढे बसली. वाकुइ, कुणी न बोलावता, पाण्याची बादली मांडीवर घेऊन मागे. टेकडीवरच्या स्मशानभूमीत त्याने बाह्या सरसावल्या आणि आईच्या समाधीचा दगड बोटीचा डेक घासावा तसा घासला. "आई आयुष्यात एवढी स्वच्छ कधी नव्हती," सुमिए म्हणाली, आणि भाऊबहीण एकमेकांकडे बघून पोट धरून हसले.

तीनच्या बोटीने वाकुइ गेला. पुढच्या महिन्यापासून सुमिएच्या दुकानात दर चौदा तारखेला बिनमासळीचं सार मिळू लागलं. त्या दिवशी स्टेशनवर कुणी तसला पथ्याचा प्रवासी भेटला, की बाकीचे ड्रायव्हर त्याला तेत्सुओच्या गाडीकडे धाडतात. तेरा तारखेच्या संध्याकाळी तेत्सुओ मागच्या दाराने जाऊन अळंबी भिजत घालतो. सुमिए डोकावते आणि दर वेळी म्हणते, "पाणी जास्त घातलंस."