बंद वॉर्डाचं मॉड्यूल

सकाळी साडेदहाला मुलांच्या वॉर्डाला नेटवर्कशी जोडणारं मॉड्यूल जळालं आणि सात खाटांचे मॉनिटर काळे पडले. आमच्या हॉस्पिटलचे मॉनिटर नेटवर्कशिवाय चालत नाहीत. नेटवर्क माझ्याकडे, आणि त्या वॉर्डात मुख्य नर्स माझी सख्खी आत्या. तिचा लगेच फोन आला.

"शास्त्रज्ञबाई, किती वेळ? सात पोरांचे श्वास हाताने मोजतेय. मला काही आठ हात नाहीत."

"वीस मिनिटं दे, आत्या. फोन चालू ठेव."

नवं मॉड्यूल यायला दोन दिवस लागणार होते. पण तळमजल्यावरच्या मुख्य राउटरमध्येच तसंच आणखी एक बसवलेलं होतं, वृद्धांच्या वॉर्डाचं. तो वॉर्ड गेल्या वर्षी बंद झाला. खाटा, मॉनिटर, केबल, सगळं नेलं. मॉड्यूल तेवढं राहिलं.

चालू राउटरमधून मॉड्यूल काढण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी कीबोर्डवरून त्याला थांबायचा आदेश द्यायचा, दिवा विझू द्यायचा, मगच स्क्रू सैल करायचे. दिवा पेटलेला असताना ओढलं तर अख्खा राउटर बंद पडू शकतो, आणि मग एक वॉर्ड नव्हे, सगळं हॉस्पिटल आंधळं होतं.

मी अंगातली स्थिर वीज उतरवणारा अर्थिंगचा पट्टा मनगटाला बांधून आदेश दिला. दिवा हिरवाच राहिला. पडद्यावर उत्तर आलं: वापरात आहे.

वाकून बघितलं. मॉड्यूलच्या एकाही छिद्रात केबल नव्हती. तरी आलेल्या संदेशांचा आकडा वाढत होता. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अकरा, सारख्या अंतराने. आमचे मॉनिटर दर श्वासाला एक संदेश पाठवतात.

"झालं का गं?" आत्याचा आवाज उतरला होता. "तान्हीचे ओठ मला बरे दिसत नाहीयेत."

एक सक्तीचा आदेश असतो. तो विचारत नाही, थांबवतो. तो मी दिला. आकडा लगेच थांबला नाही. दोन संदेशांमधलं अंतर वाढत गेलं. आठ सेकंद, पंधरा, तीस. मग एक संदेश आला आणि त्यानंतर काहीच नाही. दिवा विझला.

मी स्क्रू सैल केले, दोन्ही खिट्ट्या उघडल्या, मॉड्यूल सरळ बाहेर ओढलं. कोमट लागलं. चालू मॉड्यूल कोमटच लागतं. त्याच राउटरमधल्या मुलांच्या वॉर्डाच्या खणात ते बसवलं.

"आले, सगळे आले!" आत्या ओरडली. "गुणाची गं माझी पोर!" मग म्हणाली, "थांब जरा."

"काय झालं?"

"सगळ्यांची रेघ एकदमच वर जातेय. खालीही एकदमच."

"स्क्रीनची चूक असेल. पोरांकडे बघ."

"पोरांकडेच बघतेय." ती कुजबुजत होती. "तान्हं काय आणि दहा वर्षांचा काय, सातही जण एकत्र श्वास घेतायत. डोळे उघडे, रडत कोणीच नाहीये. तू काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

मी कीबोर्डवर तोच सक्तीचा आदेश लिहिला. बोट बटणावर ठेवलं, पण दाबवेना. मघाशी याच आदेशाने काय थांबलं ते मी सेकंद मोजत पाहिलं होतं.

"ऐकतेयस ना? काढ म्हणतेय!"

"नाही काढता येणार, आत्या," मी म्हटलं. "थांबवल्याशिवाय काढता येत नाही."