बटणांचा मानकरी

कपडेपटवालीने पत्र्याचा डबा टेबलावर उपडा केला आणि बटणं वेगळी करायला घेतली. काळी सतरा, पांढरी तीन आणि एक पितळी, तेही राजाच्या अंगरख्याचं उपटलेलं.

"हे कुणी तोडलं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "लाइटवाल्या, आता ते शिवायला तुझा बाप येणार का?"

"माझं मत जरा वजनदार असावं म्हटलं, ताई."

हंगामाच्या शेवटच्या खेळाला पडद्यामागच्या एका माणसाला पुढे बोलावून मान द्यायचा, अशी या नाटक कंपनीची रीत होती. माणूस ठरायचा डब्यात मताची बटणं टाकून, आणि निवड कधी कुणी मनावर घेतली नव्हती. एकदा मान मिळाला तो भर प्रवेशात शिरलेलं मांजर पाय लांबवून अडवणाऱ्या सुताराला. गेल्या साली तो मिळाला पडदेवाल्याला, झोप लागली तरी दोरी सोडली नाही म्हणून. यंदा मात्र काळ्या बटणांत गंमत नव्हती. काळं बटण म्हणजे प्रॉम्प्टर.

प्रॉम्प्टर कोपऱ्यात संहितेची पानं सारखी करत बसला होता. सव्वीस वर्षं विंगेत उभं राहून त्याचा आवाज असा झाला होता, की घरीसुद्धा तो मीठ मागायचा ते कुजबुजत.

"ऐकलंत का?" कपडेपटवाली त्याच्याकडे वळली. "मान घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवायची थोरल्यांच्या जावयाची छाती व्हायची नाही. पेपरात फोटो येतो. वहिनींना आणलंय ना?"

"तिसऱ्या रांगेत बसलीय."

"हाक आली की नीट उजेडात या म्हणजे झालं. सवय नाही तुम्हाला."

कंपनीचा कारभार थोरल्यांचा जावई बघायचा. थोरले म्हणजे कंपनीचे मुख्य नट. त्यांना सगळे थोरलेच म्हणत. आठ दिवसांपूर्वी जावयाने प्रॉम्प्टरला बोलावून खुर्ची पुढे केली होती. जावई खुर्ची पुढे करतो तेव्हा बसणाऱ्याने काय ते समजावं.

"आमच्या सासऱ्यांचं पाठांतर बघा. या वयात, दोन वर्षांत एकदा तरी अडखळले? मग पुढच्या हंगामात तुम्हाला उभं ठेवायचं कशाला, तुम्हीच सांगा."

प्रॉम्प्टर खुर्चीतून उठला. बोलण्यासारखं एकच होतं. दोन वर्षांत थोरल्यांनी रंगमंचावर टाकलेलं एकही वाक्य थोरल्यांना आठवलेलं नव्हतं. प्रत्येक ओळ विंगेतून जात होती, आणि थोरले तेवढ्या अवधीत अशी काही मान वळवत की लोक त्या थांबण्यालाच टाळ्या देत. हे दोघांनाच माहीत होतं. रंगपटात त्याचा हात धरून थोरले म्हणाले होते, "कळलं तर मला घरी बसवतील रे. घरात मला पुढचं कोण सांगणार?"

दुपारचा खेळ रंगला. शेवटचा पडदा पडला, पुन्हा वर गेला, आणि थोरले एकटे पुढे आले. जावयाने क्रम लिहून दिला होता: आधी मान, मग पुढच्या हंगामाबद्दल थोरल्यांची पाच वाक्यं. मान घ्यायला प्रॉम्प्टर पुढे गेला की विंगेतून सांगायला कुणी उरणार नव्हतं, म्हणून ती पाच वाक्यं दोघांनी आठ दिवस घोटली होती. सकाळी थोरल्यांनी ती न चुकता दोनदा म्हणून दाखवली, तेव्हा प्रॉम्प्टरने इस्त्रीचा सदरा घातला.

"मंडळी," थोरले म्हणाले, "बटणांचा यंदाचा मानकरी..."

आणि त्यांनी मान वळवली.

प्रेक्षकांना वाटलं, म्हातारा उत्सुकता ताणतोय. काहीजण हसलेसुद्धा. प्रॉम्प्टरला ती नजर पाठ होती. मानकऱ्याचं नावच काय, तिच्यात पुढचं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

त्याने सदऱ्याची कॉलर सारखी केली. विंगेच्या फटीतून तिसरी रांग दिसत होती. बायको पिशवी मांडीवर घेऊन, पुढे वाकून बसली होती.

"आमचा लाइटवाला," प्रॉम्प्टर कुजबुजला.

"आमचा लाइटवाला!" थोरले गरजले.

वर माळ्यावर काहीतरी धडपडलं. कपडेपटवालीने कपाळावर हात मारला. लाइटवाला शिडीवरून उतरून, हाताचं काळं विजारीला पुसत उजेडात गेला आणि फुलं घेताना मागे बघत राहिला. विंगेतून पहिलं वाक्य गेलं. मग दुसरं. पाचही वाक्यं थोरल्यांनी अशी टाकली, की पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. "पुढच्या हंगामात पुन्हा भेटू," हे शेवटचं. जावई दारात उभा राहून सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता.

"म्हाताऱ्याने घोळ घातला ना?" कपडेपटवाली दबक्या आवाजात म्हणाली. "मी जावयाला जाऊन सांगते. डबा दाखवते."

"राहू द्या. दरवर्षी गंमतच असते की."

"आणि तुमचं काय?"

प्रॉम्प्टरने संहिता दोरीने बांधली, गाठ दोनदा मारली आणि तिच्या टेबलावर ठेवली.

बाहेर ऊन अजून उतरलं नव्हतं. फाटकापाशी बायको थांबली होती. तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्हाला बोलावणार होते ना?"

"बटणं कमी पडली."

"असू दे मेलं." तिने पिशवी त्याच्या हातात दिली. थोडं चालल्यावर तिचं तिलाच हसू आलं. "पण काय हो तुमचे थोरले! एवढं वय झालं, तरी शब्दाला शब्द. आणि तुम्ही? दोन भाज्या सांगितल्या तर चिठ्ठी लागते."

"लागते खरी," तो म्हणाला.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला."