बाईंकडचा मुक्काम

"काका, बूट घालून पलंगावर झोपू नका हो," हॉटेलचा मॅनेजर दारातूनच म्हणाला.

"झोपलो नाही, तपासतोय," मी म्हणालो.

पलंग चांगला होता, हीच तर पंचाईत होती. नळाला धो धो गरम पाणी, गाड्यांवर पक्कं छप्पर, चिखल धुवायला वेगळी जागा. मी खोड काढायला आलो होतो आणि खोड काही सापडत नव्हती. मॅनेजरला वाटलं मी खूश आहे. माझा चेहराच असा आहे की लोकांचा नेहमी गैरसमज होतो.

माझं काम सांगितलं की लोक हसतात. मोटरसायकली घेऊन डोंगरातून, नदीच्या पात्रातून, जिथे रस्ताच नाही अशा ठिकाणाहून हिंडणाऱ्या हौशी मंडळींच्या सहली आमची कंपनी काढते. त्यांच्या आधी मी जीप घेऊन जातो आणि रात्रीचे मुक्काम ठरवतो. पूर्वी मीही गाडी चालवायचो. खांदा निखळला, बसवला, पुन्हा निखळला, तेव्हा मालकांनी मला या कामाला लावलं. लग्न राहूनच गेलं. आधी गाड्या होत्या, मग दुखणी होती.

मुक्काम निवडणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण दिवसभर दगडधोंड्यांवरून आदळत आलेल्या माणसाला जिना नको असतो. त्याला ओले हातमोजे वाळवायला ऊब लागते, गाडीची साखळी साफ करायला सपाट जमीन लागते, आणि झोपण्यापूर्वी खिडकीतून एकदा आपली गाडी दिसावी लागते. बायकोला फोन करायचा विसरेल, पण गाडी पाहिल्याशिवाय डोळा लागायचा नाही.

हे सगळं बाईंकडे होतं. मातीच्या रस्त्याच्या अगदी टोकाला, नदीकाठी त्यांचं बैठं घर. सहलीचा शेवटचा मुक्काम वर्षानुवर्षं तिथेच असायचा. नवरा सुतार होता. तो गेल्यावर त्याची लांबलचक शेड ओस पडली, ती आमच्या गाड्यांनी भरली. त्याची करवत नि रंधे टांगायच्या खुंट्यांवर आमची जाकिटं वाळायची. सहलीतली पोरं त्यांना मावशी म्हणतात, मी बाई म्हणतो. त्या मला कशानेच हाक मारत नाहीत, नुसतं 'ऐकलंत का' म्हणतात. पोरं त्यावरून मला चिडवतात, आणि जो जास्त चिडवतो त्याला मी पुढच्या मुक्कामाला घोरणाऱ्याच्या खोलीत टाकतो.

हॉटेलच्या पायऱ्या उतरतो तोच मालकीणबाईंचा फोन आला. मालकीणबाई म्हणजे आमच्या जुन्या मालकांची मुलगी. माझ्या डोळ्यांदेखत सायकल शिकली, आता कंपनी चालवते.

"मामा, कसं आहे हॉटेल?"

"बरं आहे."

"तुमचं 'बरं' म्हणजे फर्स्टक्लास. मग शेवटचा मुक्काम तिकडे हलवू या? मावशींकडे चार खोल्या, माणसं वाढलीत. गेल्या खेपेला निम्मे जण व्हरांड्यात झोपले."

"त्यांची काही तक्रार नव्हती."

"मला माहितीय. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. तुम्ही म्हणाल तेच करू. पण पोरांचा विचार करून सांगा हं."

पोरगी हुशार आहे. कुठे बोट ठेवायचं ते तिला बरोबर कळतं.

कारण गोष्ट अशी होती की बाईंकडचा मुक्काम बंद झाला, तर मला तिकडे जायला काही निमित्तच उरत नव्हतं. त्या रस्त्यावर दुसरं काही नाही. 'इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं' असं म्हणायचीही सोय नाही, कारण तिकडून कुणी कुठेच जात नाही. आणि बाईंच्या व्हरांड्यात बसून चहा पिणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात बरी गोष्ट होती. 'बरी' म्हणजे काय, ते मालकीणबाईंनी सांगितलंच आहे.

तेव्हा मी जीपमध्ये बसल्या बसल्या एक थाप तयार केली. हॉटेल हमरस्त्यावर आहे, रात्रभर ट्रकांचा आवाज, पोरांना झोप लागायची नाही. थाप चांगली होती. फक्त बाईंना भेटून मग फोन करावा, म्हणून मी तसाच तिकडे निघालो. एरवी मी जायच्या आधी कळवतो, त्या दिवशी कळवलं नाही.

दुपारी पोचलो. व्हरांड्यात कुणी नव्हतं, म्हणून घराला वळसा घालून मागे गेलो. बाई चादरी धूत होत्या. ओल्या चादरीचं एक टोक त्यांनी नळाला गुंडाळलं होतं आणि दुसरं टोक डाव्या हाताने पिळत होत्या. उजवा हात पोटाशी घट्ट धरलेला. एक पीळ दिला की थांबायच्या, श्वास घ्यायच्या, मग दुसरा. पलीकडे पाणी तापवायची टाकी होती. तिथून न्हाणीघरापर्यंत बादल्या कोण नेतं हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. मी पाणी गरम आहे की नाही तेवढं बघत होतो.

त्यांनी मला पाहिलं आणि हात टॉवेलात गुंडाळला.

"फोन नाही केलात," त्या म्हणाल्या.

"रेंज नव्हती. हाताला काय झालं?"

"काही नाही. आखडतो जरा."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवला. तो म्हणाला, ओझं उचलू नका. मी म्हटलं, बरं."

"मग?"

"मग काय? बरं म्हटलं ना त्याला."

बाईंनी चहा केला. आम्ही व्हरांड्यात बसलो. बाई उत्साहात होत्या. पुढची टोळी कधी येणार, किती जणांची, गाद्यांना ऊन दाखवून ठेवलंय, एका खोलीची कडी बदललीय. मी हूं हूं करत होतो. थाप खिशातल्या फोनमध्ये तयार होती. नुसतं बटण दाबायचं, मग बाईही खूश, मीही खूश, आणि पुढच्या खेपेला नळाला पुन्हा ओल्या चादरी.

"पुढच्या सहलीपासून शेवटचा मुक्काम हॉटेलवर आहे," मी म्हणालो.

बाईंनी कप खाली ठेवला. "का?"

"पोरांना इंटरनेट लागतं."

"पोरं गेल्या खेपेला इथे पत्ते कुटत बसली होती. इंटरनेटचं नाव कुणी काढलं नाही. ऐकलंत का, मला बनवू नका. जेवण आवडलं नाही का कुणाला?"

"काहीतरीच काय. आत्ता तुम्हाला चादर पिळताना पाहिलं मी."

त्यांचा आवाज चढला. "मी आले होते का कुणाकडे रडत?"

"नाही आलात, आणि येणारही नाही. हात मोडून पडाल, पण बादली सोडणार नाही."

"हाताखाली माणूस ठेवते."

"या रस्त्याने रोज कोण येणार?"

मी जिंकलो, आणि जिंकून मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्या शेडकडे बघत बसल्या.

"तुमची माणसं आली की तिथे आवाज होतो," त्या म्हणाल्या. "ठोकाठोकी, हसणं. हे होते तेव्हा असायचा तसा. बाकी दिवस मी तिकडे बघतही नाही."

शब्द मागे घ्यावेत असं फार वाटलं. पण टॉवेलातला तो हात समोरच होता.

"मग आता तुम्ही कशाला येणार इकडे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, कपाकडे बघत.

या प्रश्नाचं सोईस्कर उत्तर मी सकाळपासून शोधत होतो. ते सापडलं नव्हतं, म्हणून खरं होतं तेच सांगितलं.

"तुम्हाला भेटायला."

त्यांनी उठून कप गोळा केले, दोन्ही डाव्या हातात.

"कळवून यायचं," त्या आत जाता जाता म्हणाल्या. "न सांगता येणाऱ्याला माझ्याकडे जेवण मिळत नाही. आणि रेंज नव्हती हे मला चालायचं नाही."

मी तिथूनच मालकीणबाईंना फोन लावला. हॉटेल चांगलं आहे, तिकडेच टाक, म्हणून सांगितलं.

"मामा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"खांदा दुखतोय," मी म्हणालो.

निघायला म्हणून जीपकडे वळलो, तर बाई फाटकापाशी गेलेल्या. लोखंडी फाटक, दोन दारांचं. एक रोजच्या जाण्यायेण्याचं, आणि गाड्या आत घ्यायला सोपं पडावं म्हणून दुसरं कायम सताड उघडं असायचं, इतकी वर्षं की त्याच्या बुडाला गवत वाढून ते जमिनीत रुतलं होतं. बाई ते दार डाव्या हाताने ओढत होत्या.

"आता कशाला हे उघडं?" त्या म्हणाल्या. "माणूस यायला एक दार पुरे."

मी जाऊन चांगला खांदा लावला. दार कुरकुरलं, अडलं, गवताची मुळं तुटली, पुन्हा अडलं. बाई ओढत होत्या, मी ढकलत होतो. दोघं मिळून धड एक माणूस होत होतो. शेवटी ते जागेवर आलं. बाईंनी कडी खाली पाडली आणि तिच्यावर पाय देऊन ती नीट बसवली. हे काम त्यांनी मला करू दिलं नाही.

मग दोघेही धापा टाकत उभे राहिलो. बाई माझ्या मागे बघत होत्या.

"जीप आतच राहिली तुमची," त्या म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. राहिली होती खरी. उरलेल्या दारातून ती निघण्यासारखी नव्हती. मी कडी उचलायला वाकलो.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "आधी जेवून घ्या."