पंढरीशेठांचा पहारा आणि माझा पान्हा

मी एक जुनी, आता निवृत्त झालेली म्हैस आहे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. मित्रांनो, माझा जन्म मेहसाण्याचा, पण उभी हयात गेली काशीगावात, पंढरीशेठांच्या गोठ्यात. लोकांना वाटतं, म्हैस नुसती रवंथ करते. रवंथ करताना माणसं न्याहाळायला किती वेळ मिळतो, ते त्यांना कुठे ठाऊक!

एक्याण्णव साली मी एका वेळेला सात लिटर दूध द्यायचे. धार काढायची इंदूबाई. कोमट पाण्याने कास धुवायची, जावेच्या चार कागाळ्या माझ्या कानात सांगायची, की मी पान्हवलेच. शेजारच्या नया नगरातल्या बिल्डिंगींमध्ये माझ्या दुधाचं कौतुक व्हायचं.

एके दिवशी तिथल्या हंसाबेन म्हणाल्या, "पंढरीभाई, मलाई किधर गया? पानी डालता है क्या?"

झालं! पाणी कुणीच घातलं नव्हतं. कोवळा हिरवा चारा वाढल्यामुळे साय पातळ झाली होती. पण शेठांना संशय आला इंदूबाईचा. दुसऱ्या दिवसापासून ते मापाचं भांडं घेऊन माझ्या शेपटीपाशी उभे.

"हां, काढ. मी बघतोय."

इंदूबाईची बोटं गार पडली. तो गारठा माझ्या सडांना कळला आणि मीही घाबरले. कास तटतटलेली, पण दूध उतरेना. सातावरून तीन, तिनावरून एक. दूध घटलं म्हणून शेठ पुढे सरकले. शेठ पुढे सरकले म्हणून दूध आणखी घटलं. मग घरची मंडळीही रांगेने बघायला उभी राहिली.

"ही म्हैसच चोरटी आहे, दूध चोरून ठेवते! गुरुवारी गुरांचा व्यापारी येतोय, देऊन टाकतो," शेठांनी जाहीर केलं. आटलेली म्हैस व्यापारी कुठे नेतो, हे गोठ्यात कुणाला विचारावं लागत नाही.

बुधवारी इंदूबाईने गुरांचे डॉक्टर जितेंद्र यांना बोलावून आणलं. त्यांनी मला तपासलं, रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेठ, त्या भिंतीपाशी लघवी करून दाखवा. आम्ही सगळे बघतो."

"अहो डॉक्टर, बायकामाणसं आहेत!"

"लागली नाही का?"

"लागलीय हो, पण सगळे बघत असताना कशी होणार?"

"तेच ती बिचारी सांगतेय. निवांत असली की तिच्या मेंदूतून एक हॉर्मोन रक्तात उतरतं, तेव्हा पान्हा सुटतो. घाबरली की भीतीचं हॉर्मोन त्याची वाट अडवतं. म्हैस चोरटी नाही, शेठ. तुम्ही पहारेकरी झालात."

गुरुवारी व्यापारी टेम्पो घेऊन हजर. इंदूबाईने आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला, "शेठ, तुम्ही बाहेर बसा."

शेठ बाहेर जाऊन बसले. तिचा हात हळूहळू ऊबदार झाला. बादलीत पहिली धार वाजली.

"आली का?" बाहेरून आवाज.

धार थांबली.

"आलेली गेली! गप बसा की हो!"

मग शेठ असे गप्प बसले, की आत त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येईना. बादली पाच लिटर भरली. व्यापारी चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात धाकटी बहीण पाढे म्हणताना अडखळत असेल, तर "मी बघतोय" म्हणत तिच्यासमोर उभे राहू नका. जरा बाहेर जाऊन बसा. आणि कृपा करा, बाहेरून "झालं का?" असं विचारू नका.