हार्वेस्टरमध्ये उगवलेला गहू

सीमेपलीकडच्या शेतकऱ्याकडून जुना हार्वेस्टर घेतला, तेव्हा त्याने एकच गोष्ट बजावली होती. सीमेच्या नाक्यावर मशीनमध्ये माती चालत नाही, दाणाही चालत नाही. आत नुसती हवा मारा. धाकट्या दिराने लगेच कॉम्प्रेसर आणला. पण आमच्या घरात स्वच्छ म्हणजे पाण्याने धुतलेलं, आणि माझ्यापुढे कुणाचं चालतंय? मी पाईप लावून दीड तास मशीनला आंघोळ घातली. लख्ख झालं. दिराने कॉम्प्रेसर उचलून ठेवला.

मग नाक्यावर ट्रेलरांच्या रांगेत पाच दिवस गेले. घरी गहू कापणीला आलेला, शनिवारी पाऊस सांगितलेला, आणि नवऱ्याचे तासातासाला फोन. शनिवारी सकाळी आमचा नंबर लागला. इथून घर दोन तासांवर. तेव्हाच सुटलो असतो तर दुपारपर्यंत बरंचसं रान कापून झालं असतं. पण तपासणीच्या बाईंनी मळणीच्या ड्रमचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. आत बोटभर हिरवेगार कोंब. कोपऱ्याकोपऱ्यात अडकलेले दाणे माझ्या पाण्यावर उगवून आले होते.

"पाचच्या आत साफ करा, नाहीतर परत रांगेच्या शेवटी," बाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, याचा मला फार राग आला.

दिराचे खांदे ड्रमच्या तोंडातून जाईनात, म्हणून मीच आत शिरले. जुना टूथब्रश, भुवयांचा चिमटा, आणि एकेक कोंब मुळासकट. तो बाहेरून बॅटरी धरून उभा. "मी सांगत होतो" एवढं जरी म्हणाला असता, तरी मी भांडून मोकळी झाले असते. तोंडातून शब्द काढेल तर शपथ.

पावणेपाचला बाईंनी आत हात फिरवला आणि कागदावर शिक्का मारला. नाका ओलांडला तोच फोन वाजला. तीन वाजता पाऊस आला होता, अर्धा गहू आडवा झाला होता. एवढा उशीर कुणामुळे, असं नवरा ओरडून विचारत होता. दिराने माझ्या हातातून फोन घेतला.

"दादा, कागदांत माझी चूक झाली," तो म्हणाला.

मला एकदम रडू आलं. माझ्यासाठी त्याने बोलणी खावीत, हे काही मला पटेना. मी फोन ओढून घेतला.

"त्याची नाही, माझी चूक. तो हवा मारा म्हणत होता, मी पाणी मारलं."

तिकडचा आवाज खाली आला. मग नवरा म्हणाला, "अर्धा उभा आहे अजून. या लवकर."