समासातली आई

आईच्या दहनाच्या पुस्तकासाठी फोटो हवा होता, म्हणून मी बँकॉकला जाऊन तिचं दुकान उघडलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावानं एक लहानसं पुस्तक छापतात आणि दहनाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात देतात. पुढं फोटो, मग एक पान जीवनवृत्त, मग धर्माची चार पानं. रोइएतचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या गावचा, छापखानेवाला फोनवर म्हणाला होता की धर्माची पानं त्याच्याकडे तयारच असतात, पाली आणि अर्थ दोन्ही. मी फक्त गुरुवारी दुपारपर्यंत बाकीचं पाठवावं. दहन शनिवारी होतं. शुक्रवारी आमच्याकडे कोणी दहन करत नाही, अशुभ मानतात.

दुकान बारच्या गल्लीत आहे. सकाळी तिथं टेबलांवर उलट्या खुर्च्या असतात आणि कुणीतरी फरशीवर पाणी ओतत असतं. आई तिथं तेहतीस वर्षं जुनी इंग्रजी पुस्तकं विकायची. मधल्या तीन फळ्या फिरंग्यांच्या खास आवडीच्या. कुठं फिरावं, रात्री कुठं बसावं, थाई माणूस हसतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं. लोक आल्या दिवशी ती पुस्तकं नेत आणि विमान धरण्याआधी परत आणून टाकत. मी त्याच फळ्यांखाली अभ्यास करत वाढले, पण तिथलं एकही पुस्तक कधी उघडलं नाही. मला तेव्हा थोर पुस्तकं वाचायची होती.

फोटो कुठल्यातरी पुस्तकात असेल म्हणून मी एकेक काढून झटकू लागले. फोटो नव्हता. समासात पेन्सिलीनं, थाईमध्ये, आईचं बारीक अक्षर होतं.

एका प्रवासवर्णनात लिहिलं होतं की या देशात कुणालाच घाई नसते. शेजारी आईनं लिहिलं होतं, ‘पहाटे पाचला बस-अड्ड्यावर ये, मग बोल.’ एका कादंबरीत बारमधल्या मुलीच्या डोळ्यांत पूर्वेचं गूढ होतं. ‘डोळ्यांत धूर होता. पंखा बंद पडलेला.’ एका लेखकाला वाटलं होतं की ती मुलगी त्याच्यावर भाळून रात्रभर त्याच्या शेजारी बसून राहिली. ‘बूट चावत होते. उभं राहवत नव्हतं.’ आणि बार उघडताना मुली बुद्धमूर्तीला माळ घालतात ती अंधश्रद्धा, असं म्हणणाऱ्याला तिचं उत्तर, ‘मी घालायचे, कारण तेवढा वेळ मालकीण ओरडत नसे.’

मी घालायचे. त्या दोन शब्दांपाशी मी स्टुलावर बसले. लग्नाआधी आई सहा वर्षं बँकॉकमध्ये कपडे विकायची, असं मला सांगितलेलं होतं. माझे वडील टपाल खात्यात होते, ते मी नऊ वर्षांची असताना गेले. त्यांना ठाऊक होतं की नाही, हे आता आईला विचारता येणार नव्हतं.

संध्याकाळपर्यंत अशी अकरा पुस्तकं निघाली. बाकीची किती कुठल्या देशात, कुणाच्या माळ्यावर पडली असतील कोण जाणे. आई एवढी वर्षं त्या लेखकांशी भांडत होती, आणि तेही अशा लिपीत, जी त्यांच्यापैकी एकालाही वाचता येत नव्हती.

रात्रीच्या बसनं मी गावी आले. धर्माच्या चार पानांऐवजी आईचे हे शब्द छापायचे, असं मी ठरवलं होतं. विहाराच्या मंडपात आईची शवपेटी फुलांत ठेवलेली होती. बुनरुआन मावशी पाहुण्यांसाठी भाताच्या पेजेवर लक्ष ठेवून बसली होती. मावशी गावच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तिच्यासमोर अजून कुणी पाय पसरून बसत नाही. शनिवारी जीवनवृत्त वाचायचं तिच्याकडेच होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “समासातलं कुणी छापतं का? छापायचं असतं ते मधलं.”

“मधलं दुसऱ्यांचं आहे, मावशी. आईचं तेवढंच आहे.”

“बँकॉकला व्यापार केला, असं लिही. खोटं नाही ते.”

“सहा वर्षं कसला व्यापार?”

“तूच सांग. पुस्तकं तू वाचतेस.”

मग ती म्हणाली की गावाला तोंड मला दाखवायचं नाही, तिला दाखवायचं आहे. मी रविवारी बसमध्ये बसेन. हे खरंच होतं. तरी आईला कपडे विकणारी बाई म्हणून जाळणं मला जमेना, आणि तसं मी बोललेही.

अकरावं पुस्तक मी पिशवीतच ठेवलं होतं. आता ते काढून तिच्यापुढं धरलं. तिच्यापासून लपवून छापणं बरं नव्हतं, आणि लपवून न छापणंही. त्यात एका प्रवाशानं बारच्या कोपऱ्यात रडत बसलेल्या नव्या मुलीचं दोन पानं वर्णन केलं होतं. तिच्या अश्रूंत त्याला साऱ्या आशियाचं दुःख दिसलं होतं. शेजारी आईनं लिहिलं होतं, ‘ही आमची बुनरुआन. अकरा दिवस. दाढ दुखत होती आणि आई हवी होती. बाराव्या दिवशी सकाळच्या बसमध्ये बसवून दिली.’

मावशीनं ते आधी हात लांब करून वाचलं, मग चष्मा लावून वाचलं. चुलीवरची पेज उतू गेली तरी ती उठली नाही.

“दाढ डावीकडची होती,” ती म्हणाली. पुस्तक मिटून म्हणाली, “हे नको छापूस.”

ते छापणार नाही, असं मी सांगितलं. मग आमचं ठरलं. समासातली बाकीची वाक्यं दहनाच्या पुस्तकात जातील, पण ती कोणत्या पुस्तकांतली आणि आईला हे कसं ठाऊक, ते लिहायचं नाही. जीवनवृत्तात ‘बँकॉकला व्यापार’. गुरुवारी दुपारी मी मजकूर आणि मावशीकडचा आईचा एक जुना फोटो पाठवला. आईला मी समासातून निम्मंच बाहेर काढलं होतं, आणि तेही मला त्या दिवशी पुष्कळ वाटलं.

शनिवारी ऊन फार होतं. काळे कपडे घातलेलं निम्मं गाव पुस्तकानंच वारा घेत होतं. मावशी माइकसमोर उभी राहिली. तिनं आईचं लम्दुआन हे नाव, जन्मगाव, आईवडिलांची नावं वर्गात हजेरी घ्यावी तशी वाचली. मग ती बँकॉकच्या ओळीवर आली आणि थांबली. मला वाटलं, घाम डोळ्यांत गेला असेल.

“इथं व्यापार लिहिलं आहे,” ती म्हणाली. “लम्दुआन सहा वर्षं बारमध्ये कामाला होती. अकरा दिवस मीही होते. तिनं मला परत पाठवलं, म्हणून मी तुम्हाला शिकवू शकले.”

मी मान खाली घातली. दुसऱ्या रांगेतून सरपंचाची म्हातारी आई म्हणाली, “ठाऊक आहे, बाई. वाचा पुढं.”

बायका वारा घेत राहिल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मावशीनं कागद सरळ केला आणि पुढची ओळ वाचली, माझ्या वडिलांशी लग्न झाल्याची. मला तेव्हा कळलं की त्या मंडपात ही गोष्ट नव्यानं समजलेली मी एकटीच होते.

वाचन संपल्यावर लोक पेटीपाशी वाहायची चंदनाच्या सालीची फुलं घेऊन रांगेत उभे राहिले. मी मावशीच्या मागं उभी राहिले. दहनगृहाच्या पायऱ्या चढताना तिनं मागं न बघता हात पुढं केला, आणि मी तो धरला.