पान एकशे बेचाळीस

"हे पुस्तक वाचलंय का तुम्ही?" बाईने ते माझ्या टेबलावर असं आपटलं की चहा बशीत सांडला. "पान एकशे बेचाळीस काढा. अन् ह्यातला तो चोरटा माणूस कुठं बसतो ते सांगा मला."

पुस्तक मी लगेच ओळखलं. 'शेवटचा ठसा' ही मालिका मी पहिल्या भागापासून बघते आणि तिच्यावरून निघालेल्या कादंबऱ्या आकुर्डी स्टेशनबाहेरच्या गाड्यावरून विकत आणते. डॉक्टर ईशा मोकळे केस सोडून प्रेतावर वाकते आणि एका धाग्यावरून खुनी शोधते. बावीस वर्षं रुग्णालयाच्या शवविच्छेदन विभागात कारकुनी केलेल्या बाईने हे बघत बसावं, याला माझा नवरा हसतो. हसू दे. मला आवडायचं. ही त्यातली सहावी कादंबरी, 'तेलाचा डाग'. मी ती अजून वाचली नव्हती. लेखक अजिंक्य मला भेटप्रत देणार होता, कारण त्याला इथे आणून बसवणारी मीच.

"आधी बसा," मी म्हटलं. "आपण कोण?"

"दिव्या. दोन वर्षांमागं माझ्या मालकांना इथं आणलं होतं. चाकणला कारखान्यात मशीनवर होते ते."

मला आठवलं. बरोबर आलेल्या कंपनीच्या माणसांनी सांगितलं होतं, शिफ्ट सुटून घरी जाताना गाडीवरून घसरून पडला. पण शवागारात काम करणाऱ्या आमच्या भैरूतात्यांनी त्याचे हात धुताना नखं पाहिली. नखांत लोखंडाचा बारीक कीस होता आणि हाताला मशीन थंड ठेवायला सोडतात त्या तेलकट कुलंटचा वास होता. शिफ्ट सुटल्यावर आंघोळ करून, कपडे बदलून घरी निघालेल्या माणसाच्या हाताला हा वास कसा राहील, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर भले, त्यांनी ऐकून घेतलं आणि अहवालात तसं लिहिलं. मरण मशीनवर आलं होतं हे त्यामुळे उघड झालं.

मी पान काढलं. त्यात 'भिरू' नावाचा शवागारातला नोकर होता. तोंडाला दारूचा भपकारा. प्रेतांना 'पाव्हणं' म्हणून हाका मारतो आणि एकटाच हसतो. इकडेतिकडे बघून तो मेलेल्या कामगाराच्या बोटातली चांदीची, आतून लाल दोरा गुंडाळलेली अंगठी ओढून काढतो आणि कनवटीला लावतो. पुढच्या पानावर डॉक्टर ईशा येते आणि तिला नखांतला कीस दिसतो!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, ही कादंबरी आहे," मी म्हटलं. "खोटं असतं हे."

"खोटं कसं? कीस खरा, वास खरा, गाडीवरून पडल्याची थाप खरी. सगळं माझ्याच घरचं लिव्हलंय. अन् तो दोरा?" तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "अंगठी सैल होत होती म्हणून मी गुंडाळला होता तो लाल दोरा. माझ्या हातानं. आतल्या बाजूनं. तो कुणाला दिसणार? काढणाऱ्यालाच ना? सासऱ्यांनी मला सांगितलं, बोटात अंगठी नव्हतीच. मी म्हटलं, मशीनमदी गेली असंल. आता कळलं कुठं गेली."

हे वकिलालासुद्धा खोडता आलं नसतं. दोऱ्याची गोष्ट अजिंक्यला सांगितली होती भैरूतात्यांनीच, माझ्यासमोर, याच टेबलाशी. तीन दिवस तो पोरगा वही घेऊन बसला होता. तात्या कुणाशी फारसं बोलत नाहीत. "ताई, आपलं काम काय सांगण्यासारखं हाय व्हय?" म्हणून टाळत होते. मीच गळ घातली. मग बोलले. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस, गळ्यात माळ, दारूचा थेंब कधी तोंडाला लागलेला नाही. या कामात घेतल्याशिवाय हात चालत नाही म्हणतात. यांचा तीस वर्षं चालला. येणारा प्रत्येक जण त्यांचा पाव्हणा. "पाव्हणं, जरा तरास व्हईल," असं म्हणून कामाला हात घालायचे. शेवटी आई गोधडीला घालायची तसा बारीक टाका घालून शिवायचे, केस विंचरायचे. अंगावरचा ऐवज पंचनाम्यात नोंदून झाला की धुऊन, पुसून, नातेवाइकाच्या ओंजळीत दोन्ही हातांनी ठेवायचे आणि म्हणायचे, "पाव्हण्यांचं हाय, सांभाळा." पोलीससुद्धा तेवढा वेळ थांबायचे. हे सगळं ऐकताना अजिंक्यच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरून आणलेल्या डब्यातली भाकरी तात्यांनी त्याला अर्धी मोडून दिली होती. त्याने ती खाल्ली आणि त्याच घरचे वासे मोजले.

मी तात्यांना बोलावलं. ते हात पुशीत आले. दिव्याने पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

"हे तुमीच ना?"

"मला चष्म्याबिगर दिसत न्हाई," ते म्हणाले. "ताई, तुमी वाचा."

मी वाचायला लागले. दारूचं वाक्य गाळलं. तात्या म्हणाले, "गाळू नका. समदं वाचा." मी सगळं वाचलं. ते उभेच होते. वाचून झाल्यावर त्यांनी माळेला हात लावला आणि दिव्याकडे बघितलं.

"डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटात व्हती. दोरा तेलानं काळा पडला व्हता, पर मूळचा लाल. त्यो म्या काढला न्हाई. दोऱ्यासकट धुतली अन् दिली."

"कुणाला?"

तात्यांनी नजर खाली वळवली. मला वाटलं, आठवत नसेल. पण त्यांना माणूस आठवत नाही असं कधी होत नाही.

"ज्यानं पाव्हण्यास्नी नेलं, त्याला," ते हळूच म्हणाले. "जाऊ द्या आता, बाई. व्हऊन गेलं."

"म्हणजे सांगता येईना!" दिव्या म्हणाली.

मी उठले आणि कपाट उघडलं. तात्यांनी मानेनं नको नको केलं. "ऱ्हाऊ द्या ताई. त्यांच्या घरात इस्तू पडंल." पडू दे पडला तर! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि संन्याशानेच दोर वळून द्यायचा? मी दोन वर्षांपूर्वीची फाइल काढली आणि मृतदेह ताब्यात दिल्याचा कागद तिच्यासमोर ठेवला. 'चांदीची अंगठी एक, आत दोरा.' खाली वाकडीतिकडी सही होती: मारुतराव.

दिव्या सहीकडे बघत राहिली. "आबा," एवढंच म्हणाली. मग तिने गावाकडे सासऱ्यांना फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"आबा, त्यांची अंगठी तुम्हाला दिली होती का?"

पलीकडे कुठेतरी म्हैस ओरडली.

"व्हय माय," म्हाताऱ्याचा आवाज आला. "माझ्या गळ्यात हाय. काळ्या दोऱ्यात ओवलीय, सदऱ्याच्या आत. तुज्याकडं लेकरू हाय त्याचं. मला काय ऱ्हायलं होतं? लबाड बोललो. मेल्यावर काढून घे."

तिने फोन बंद केला आणि पदर तोंडावर धरला. रागवायलाही माणूस उरला नव्हता तिला. थोड्या वेळाने ती उठली आणि तात्यांच्या पाया पडायला वाकली. तात्या झटकन मागे सरले. "आमच्या पाया पडत नसत्यात, बाई. घरी जा. म्हाताऱ्याला बोलू नका काई."

ती गेली. पुस्तक टेबलावरच राहिलं. मी अजिंक्यला फोन लावला.

"मॅडम, वाईट नका ना वाटून घेऊ," तो म्हणाला. "पात्र काल्पनिक आहे. पहिल्या पानावर तसं छापलंय."

"मग नखांतला कीस काल्पनिक का नाही केलात?"

"ते तर ऑथेंटिक होतं, मॅडम. तीच तर पुस्तकाची ताकद आहे. चॅनेलचं म्हणणं पडलं, डॉक्टर ईशा उठून दिसायला समोर एक खालचा माणूस पाहिजे."

"खालचा?"

"म्हणजे... तुम्ही समजून घ्या ना."

मी समजून घेतलं नाही. तोंडाला आलं ते बोलले, प्रकाशकाला पत्र लिहिलं, दुसरं लिहिलं. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू. पुढची आवृत्ती दोन महिन्यांत आली, मुखपृष्ठावर मालिकेतल्या ईशाचा फोटो. पान एकशे बेचाळीस जसंच्या तसं. घरातली पाचही पुस्तकं मी रद्दीत घातली, पण त्याने काय होणार? दिव्यासारखी एक बाई इथवर आली. न आलेल्या किती घरांत आता 'आपल्या माणसाची वस्तू त्या दारुड्याने घेतली असेल' असं बोलत असतील, हे मी तात्यांसमोर कधी म्हटलं नाही. त्यांनी ते माझ्याआधीच ओळखलं होतं.

गेल्या मंगळवारी तात्यांच्या मोशीतलाच एक मनुष्य आणला होता. काम झालं. तात्यांनी केस विंचरले, घड्याळ आणि सोन्याची बाळी धुऊन पुसली. मुलगा ओंजळ पुढे करून उभा होता. जुनी माणसं सांगतात, म्हणून त्याला रीत माहीत असावी.

"आधी मोबाइल काढा," तात्या म्हणाले. "व्हिडिओ चालू करा."

"कशाला काका? राहू द्या ना. तुम्हाला कोण ओळखत नाही?"

"करा म्हन्तो ना."

मुलाने मोबाइल काढला. तात्यांनी घड्याळ आणि बाळी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चुलत्याच्या हातात ठेवली. 'पाव्हण्यांचं हाय, सांभाळा' हे नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी थांबले होते. ते आलं नाही. तात्यांनी दोन्ही पंजे उघडले, बोटं फाकवली, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि मोबाइलसमोर हात उलटेसुलटे करून दाखवले.

"नीट घ्या," ते म्हणाले. "दोन्ही हात दिसाया पायजेत."